आडवं इंद्रधनुष्य आणि एकटीची साक्ष

प्रिय वत्सलाक्का,

काल लातूरला हमीदभाईंच्या दुकानात आपली उजळणी झाली आणि मी भांडून आले. निलंग्याला उतरेपर्यंत एस.टी.त माझा राग काही खाली आला नाही. ह्यांनी दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता स्वतःच चहा ठेवला. भांडण तुझ्यावरून झालं, तुझ्यासाठी झालं आणि खरं सांगायचं तर थोडं तुझ्याशीच झालं. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायच्या आत मीच सांगावं, म्हणून लिहायला बसले आहे. तू गेलीस हे मला ठाऊक आहे. पण तेवढ्या कारणानं आपला पत्रव्यवहार बंद करायचा का? मी करणार नाही.

कार्डावर हे मावायचं नाही, म्हणून चांगले फुलस्केप कागद आणवले आहेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुलू, मुद्द्यावर ये." येते. पण माझ्या रस्त्यानं येते.

आपली ओळख कशी झाली ते आठवतं ना? मी तुझं नाव आधी ऐकलं आणि तुला पाहिलं कितीतरी नंतर. रविवारी दुपारी रेडिओवर फर्माइशीचा कार्यक्रम लागायचा. गाण्याआधी निवेदिका नावं वाचायची, आणि आम्ही गाण्याइतकेच त्या नावांसाठी कान लावून बसायचो. "रेणापूर, जिल्हा बीड येथून वत्सला, राहुल, सुनीता, मिलिंद आणि परिवार." पुढच्या महिन्यात त्याच यादीत छाया. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी कुणी. मी भाकरी थापता थापता ह्यांना म्हटलं, "अहो, ही बाई दर महिन्याला बाळंत होती का काय?" हे म्हणाले, "जुळी आसतील."

मला तुझा हेवा वाटायचा. एवढं मोठं भरलेलं घर आणि सगळ्यांना गाण्याचं वेड. आमच्याकडून मात्र नुसतंच "निलंगा येथून सुलोचना". सासूबाईंनी घरातल्या कुणाचं नाव रेडिओत द्यायला बंदी केली होती, नजर लागते म्हणून. शेवटी राहवेना, तेव्हा मी कार्ड टाकलं. पत्ता काय, तर "वत्सलाबाई रेडिओवाल्या, मु. पो. रेणापूर". आणि आत, "सौ. वत्सलाबाई यांस, आपलं कुटुंब फार मोठं दिसतं, एवढ्या लेकरांचं कसं निभावता?"

तुझं उत्तर आलं. "मी सौ. नाही. दवाखान्यात नर्स आहे. ही लेकरं मी जन्माला घातलेली नाहीत, हातावर झेललेली आहेत. ज्याचं बारसं त्या महिन्यात, त्याचं नाव कार्डावर. गरिबाच्या लेकराचं नाव सरकारी रेडिओनं घेतलं की त्याच्या आईला चार दिवस बरं वाटतं." मी ते कार्ड वाचून इतकी हसले की तव्यावरची भाकरी करपली. मग थोडी रडलेही. का रडले ते तेव्हा कळलं नाही.

अशीच नावावरून ओळखीची झालेली आणखी दोन माणसं आपल्याला मिळाली. लातूरचे हमीदभाई, ज्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आणि जळकोटचे गुरुजी, ज्यांनी शाळा सोडली तरी शाळेनं त्यांना सोडलेलं नाही. बाकीचे येऊन जाऊन असायचे, पण आपण चौघं पक्के. वर्षभर एकमेकांना कार्डं टाकायची आणि वर्षातून एका रविवारी हमीदभाईंच्या दुकानात उजळणीला जमायचं, हे तूच ठरवलंस.

कार्डात दोन तऱ्हेच्या बातम्या असायच्या. एक घरची आणि एक आभाळाची. घरची म्हणजे आमच्या कोंबडीनं शेजारणीच्या घरात अंडी घालायला सुरुवात केली ती, किंवा गुरुजींनी पहिल्यांदा स्वतः वरण केलं आणि त्यात मीठ दोनदा घातलं ती. आभाळाची म्हणजे नुसती आभाळातली नव्हे. जे माणसानं केलेलं नाही आणि नेहमी घडत नाही, ते सगळं तू आभाळाच्या खात्यात टाकायचीस. सूर्याला पडलेलं खळं. भर वैशाखात पडलेलं धुकं. तळं आटल्यावर एकामागून एक डांबरी सडकेवरून निघालेली कासवं. ती कासवांची बातमी हमीदभाईंनी दिली होती.

उजळणीच्या दिवशी कागद काढायचा नाही. ज्यानं त्यानं आपल्या वर्षाच्या बातम्या तोंडपाठ म्हणायच्या. एकाचं म्हणून झालं की बाकीच्यांनी "ऐकलं" म्हणायचं. सगळ्यांचं ऐकून झालं की मगच हमीदभाई रेडिओचा कान पिळणार आणि कार्यक्रम सुरू होणार. आपल्यासारख्या वेड्या माणसांशिवाय असली रीत कोण काढील?

आणि नियम तर सगळ्यात वेडा, तोही तुझाच. आभाळाची बातमी असेल तर दुसऱ्या गावच्या कुणीतरी तीच गोष्ट पाहिलेली पाहिजे. नाही तर ती धरायची नाही. "एकानं बघितलं ती गोष्ट, दोन गावांनी बघितलं ती बातमी," असं तू म्हणायचीस. दवाखान्यात बसून तू अफवा फार पाहिल्या होत्यास. कुणीतरी काहीतरी उठवतं आणि बाया लेकरांना सुई टोचून घ्यायला आणत नाहीत. म्हणून तुला साक्ष लागायची. तुझं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं.

पण अक्का, माझ्या पांढऱ्या कावळ्याचं काय केलंस तू? आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या थारोळ्यावर बसलेला, चोचीपासून शेपटीपर्यंत पांढरा कावळा मी या डोळ्यांनी पाहिला. कार्डात लिहिला, उजळणीला म्हटला. तू म्हणालीस, "दुसऱ्या गावच्या कुणी बघितला? न्हाई? मग पुढं चला." पुढं चला! कावळा काय एस.टी.त बसून रेणापूरला येणार होता साक्ष द्यायला? मी दोन महिने तुला कार्ड टाकलं नाही. तू मात्र टाकत राहिलीस, कावळ्याचा विषय न काढता. हा राग मी अजून ठेवलेला आहे, हे तुला माहीत असू दे.

मग आपला नवा जिल्हा झाला. आधी तू बीडची आणि मी उस्मानाबादची. आता दोघी लातूरच्या. लातुरात कचेऱ्यांना नवा रंग लागला, पाट्या बदलल्या, साहेब लोकांच्या जीपा फिरायला लागल्या. तू केंद्राला खास कार्ड पाठवलंस, "रेणापूर आता लातूर जिल्ह्यात आहे, कृपया दुरुस्ती करावी." निवेदिका तरी बरेच रविवार बीडच म्हणत राहिली. तू दर वेळी नवं कार्ड टाकायचीस. शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "रेणापूर, जिल्हा लातूर येथून वत्सला," आणि मी इथं निलंग्यात एकटीच टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "हिला काय झालं?"

जिल्हा आला आणि पाऊस गेला. नव्या कचेऱ्यांत बसलेल्या साहेबांनी पहिलं मोठं काम केलं ते टँकर लावायचं. गावोगाव रिकाम्या घागरींच्या रांगा लागल्या. माझ्या कार्डात पाण्याशिवाय दुसरं काही येईना. तेव्हा तू लिहिलंस, "सुलू, पाणी नाही ही बातमी नव्हे, ती रोजची हजेरी. दुसरं काय ते लिही." मला आधी राग आला. मग मी सगळं घर हुडकलं, दुसरं काय आहे म्हणून. आणि निघालं की. धाकटा शिट्टी वाजवायला शिकला होता, ते मी पाण्याच्या धांदलीत ऐकलंच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात तू आमच्याकडे आलीस. सासूबाईंनी मला आत बोलावून विचारलं, "कुणाची हाय ती?" मी म्हटलं, "माझी अक्का हाय." त्या म्हणाल्या, "मी काय इचारून राहिले ते तुला समजतंय." आणि फुलपात्राऐवजी कोपऱ्यातला जुना ॲल्युमिनियमचा गिलास पुढं केला. तू बाहेरून सगळं ऐकलं होतंस. आत आलीस, तो गिलास हातात घेतलास आणि म्हणालीस, "मामी, पाणी टँकरचंच हाय ना? टँकरवाल्याला इचारलं का, तो कुणाचा हाय म्हणून?" तू पाणी प्यालीस आणि त्यांच्या गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते सांगायला बसलीस. त्या बदलल्या असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी तुला फुलपात्र मिळालं, आणि ते मी दिलेलं नव्हतं.

आता त्या शेवटच्या कार्डाकडे येते.

ते मला पाठ आहे. "सुलू, आज रविवार, पण कार्यक्रम ऐकला नाही. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले. ओट्यावर उन्हात तापत ठेवले आणि राखण करत बसले. वर बघितलं तर दक्षिणेला, लातूरच्या अंगाला, पिंजलेल्या कापसासारखा एक पातळ ढग, आणि त्यात इंद्रधनुष्य. वाकडं नाही. आडवं. पट्टीनं ओढल्यासारखं सरळ. वर तांबडा, खाली जांभळा. पावसाचा थेंब नाही. ढग विरला तसं तेही विरलं. इथं कुणाला दाखवू? सगळ्या बाया टँकरवर. तुझ्याकडून दिसलं का? लगेच कळव."

मी लगेच कळवलं. नाही दिसलं, असं कळवलं. कसं दिसणार? रविवार दुपार होती. आपल्या मंडळींपैकी जो तो घरात, रेडिओला कान लावून बसलेला. सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी आपल्याला त्या वेळी कळलं नसतं. ज्या एका बाईचे सेल उतरले होते तीच तेवढी बाहेर होती. माझं ते उत्तर तुझ्या हातात पडलं की नाही मला माहीत नाही. नसेल पडलं तर फार बरं झालं.

कारण नंतर थेट तू गेल्याचाच निरोप आला. कावीळ! अक्का, एवढं सगळं लिहिलंस. ढग कसा, पट्टा कसा, कोणता रंग वर आणि कोणता खाली. डोळे पिवळे झालेत हे एका शब्दानं लिहायला काय झालं होतं? ती घरची बातमी नव्हती का? की तीही तुझ्या हिशेबी रोजची हजेरीच? मी हे तुला माफ केलेलं नाही.

पुण्यानुमोदनाला मी रेणापूरला आले. विहारात बसायला जागा नव्हती. बाया लेकरं घेऊन आल्या होत्या आणि मला सांगत होत्या, "ही सुनीता, रेडिओतली." "ह्यो मिलिंद, रेडिओतला." नुसत्या नावांना तोंडं फुटली होती, नाकं गळत होती. सुनीताच्या आईपाशी मी बसले. तिला विचारलं, "त्या रविवारी दुपारी आभाळात काही दिसलं होतं का गं?" ती म्हणाली, "आमी कशाला वर बघतो बाई, टँकर आला व्हता." खरंच आहे. टँकर आला की सगळ्या गावाची नजर पाइपाच्या तोंडाला.

मग तिनंच मला वाडीची गोष्ट सांगितली, जी तू कधी सांगितली नव्हतीस. तुझ्या दवाखान्याकडे असलेल्या एका वाडीवर टँकरचं पाणी विहिरीत सोडत आणि बाया ते शेंदून घेत. तू गेलीस, पाणी पाहिलंस, हुंगलंस आणि सांगितलंस, हे प्यायचं नाही, उकळल्याशिवाय तर नाहीच. माणसं म्हणाली, "आजून कोण म्हणतंय?" तू म्हणालीस, मी म्हणते. माणसं म्हणाली, "तुमी एकट्याच म्हणून राहिलात बाई. डाक्टरला म्हणू द्या, मग बघू." डॉक्टर येईपर्यंत घरोघरी माणसं काविळीनं पडली. तू त्यांच्या उशाशी बसलीस, त्यांच्याच घरचं पाणी प्यालीस, आणि त्यांच्यातली बहुतेक उठली.

परतीच्या गाडीत मी एकच गोष्ट घोळवत होते. आजून कोण म्हणतंय? हा प्रश्न तुला किती जणांनी विचारला असेल? भाड्यानं खोली घ्यायला गेलीस तेव्हा विचारलं असेल, सोबत कोण आहे, पुरुषमाणूस कोण आहे. बाळंतीण अडली आहे, हिला आत्ताच्या आत्ता लातूरला हलवा, असं म्हणालीस तेव्हा विचारलं असेल. जन्मभर तुझ्या एकटीच्या शब्दाला कुणाचा ना कुणाचा टेकू मागितला लोकांनी. आणि अक्का, तोच प्रश्न तू आमच्यात आणून त्याचा नियम का केलास? तुला त्याचा इतका सराव झाला होता का, की तोच न्याय वाटायला लागला?

हे सगळं पोटात ठेवून मी काल लातूरला गेले.

हमीदभाईंनी दुकान झाडून घेतलं होतं. तुझी खुर्ची त्यांनी काढली नव्हती. गुरुजींनी आपल्या बातम्या म्हटल्या, हमीदभाईंनी म्हटल्या, मी म्हटल्या. तिन्ही वेळा "ऐकलं" झालं. हमीदभाई रेडिओकडे वळले. मी म्हटलं, "थांबा. अक्काची राहिली." आणि तुझी बातमी म्हणायला लागले. ढग, पट्टा, वर तांबडा, खाली जांभळा. एक शब्द चुकले नाही.

कुणी "ऐकलं" म्हटलं नाही. गुरुजी जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "सुलोचनाबाई, ही बातमी धरता येत न्हाई. दुसरं गाव कुठाय?"

मी म्हटलं, "गुरुजी, ती आपली अक्का हाय."

"म्हणूनच. नियम तिचाच हाय, मी केला न्हाई. अंगात कावीळ मुरलेली, वरून उन्हात बसलेली. माणसाला भोवळ येते, डोळ्यापुढं रंग नाचतेत. मी तिला खोटी म्हणून न्हाई राहिलो."

मी म्हटलं, "नाचणारे रंग असे तांबड्यापासून जांभळ्यापातूर रांगेत हुभे ऱ्हातेत का, गुरुजी?"

ते हळू आवाजात म्हणाले, "तिचाच नियम मोडून तिची आठवण काढायची?"

"हो," मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारच्या हॉटेलातला रेडिओ सुरू झाला. आपला कार्यक्रम लागला होता. भिंतीपलीकडून निवेदिकेचा आवाज येत होता, पण नावं कळत नव्हती. आपल्या मंडळींचा कार्यक्रम कधी चुकलेला नाही हे तुला माहीत आहे. गुरुजी लेकीच्या लग्नातसुद्धा मांडवामागं जाऊन ऐकून आले होते. तिघांचेही कान त्या भिंतीकडे. हमीदभाईंचा हात रेडिओवर होता. मी म्हटलं, "अक्काची बातमी ऐकलं म्हटल्याबिगर रेडिओ लागणार न्हाई. लावलात तर मी निघाले, पुन्यांदा यायची न्हाई."

पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं.

हमीदभाईंना सहन होईना. ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "भाभी, सुनो. मी सांगतो ना, मला बी दिसलं. लातूरहून. झाली ना दोन गावं? अक्काची बात रह जाती. कुणाचं काय जातंय?"

गुरुजींनी वर पाहिलं. खूप वेळ हमीदभाईंकडे पाहिलं. ते काय करताहेत हे त्यांना कळलं होतं. तरी म्हणाले, "हमीदभाई म्हणत असतील तर मी ऐकलं म्हणतो."

अक्का, झालंच होतं सगळं. मी फक्त गप्प बसायचं होतं. तुझं इंद्रधनुष्य नियमात बसलं असतं, रेडिओ लागला असता, राहिलेली गाणी मिळाली असती आणि दर वर्षी तुझी बातमी कुणाच्याही हरकतीशिवाय म्हटली गेली असती. दोघंही मनानं चांगली माणसं, तुझ्यावर माया असलेली. मी गप्प बसले नाही.

"न्हाई हमीदभाई," मी म्हटलं, "तुमाला दिसलं न्हाई."

"तो क्या हुआ? अल्ला माफ करेगा."

"अल्ला करंल. मी न्हाई करणार. तिनं एकटीनं बघितलं. तिच्या बाजूला कुणाला हुभं करू नका."

मग मात्र माझा बांध फुटला. मी त्यांना वाडीची गोष्ट सांगितली, पाण्याची. आजून कोण म्हणतंय, हे सांगितलं. ढग ज्याच्या त्याच्या गावावरून वेगळा दिसतो, हेही सांगितलं. रेणापुरातून दिसलेला ढग निलंग्याला दिसला नाही म्हणून तो नव्हताच असं होतं का? मी न बघितल्यानं तिनं बघितलेलं खोटं होतं का? माझा आवाज इतका चढला की हॉटेलातला पोऱ्या कपबशा घेऊन दारातच थांबला.

गुरुजींनी विचारलं, "मग साक्ष कुणाची लावायची?"

मी म्हटलं, "अक्काची. मी इंद्रधनुष्य बघितलेलं न्हाई, गुरुजी. अक्काला बघितलंय. आपण सगळ्यांनीच बघितलंय. तेवढं पुरं हाय."

हमीदभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुसली आणि परत घातली. "ऐकलं," ते म्हणाले.

गुरुजींना वेळ लागला. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. मग म्हणाले, "ऐकलं. मानलं न्हाई."

"ऐकलं ना?"

"ऐकलं म्हणलो की."

हमीदभाईंनी रेडिओ लावला. आपला कार्यक्रम संपून बाजारभाव चालू झाले होते. लातूर मार्केटची तूर, उडीद, करडई. आम्ही तिघंही खुर्च्यांवर बसून ते शेवटपर्यंत ऐकले. उठायला कुणाला धीर होईना. तुझ्या खुर्चीकडेही मी पाहिलं. तुला फार हसू आलं असतं, आणि मला तुझी फार आठवण आली.

गुरुजी मला स्टँडवर सोडायला आले. एवढं भांडून झाल्यावरही त्यांनी माझी पिशवी धरली होती. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "पुढल्या वर्षी बी म्हणणार का?"

मी म्हटलं, "तुमी मानंस्तवर म्हणणार. आन् मानल्यावर बी."

ते म्हणाले, "हाव, म्हणा," आणि खिडकीतून पिशवी आत दिली.

तर अक्का, असं झालं. तुझा नियम मी मोडला आहे. तुला विचारून मोडला नाही आणि तू असतीस तरी मोडला असता. तू चिडली असतीस, मला दोन महिने कार्ड टाकलं नसतंस, आणि मी टाकत राहिले असते. लोकांच्या अफवांना तुझा नियम लाव, जिवंत असतीस तर म्हटलं असतं. तुला स्वतःला तो लावायचा हक्क मी तुला दिलेला नाही.

सध्या इकडे पाणी अजूनही नाही. ती हजेरी झाली. दुसरं काय, तर धाकटा आता शिट्टीवर अख्खं गाणं वाजवतो, आणि सासूबाईंनी परवा आपण होऊन विचारलं, "तुझी ती नर्स लई दिस झालं आली न्हाई." मी सांगितलं, ती गेली. त्या नुसत्या गुडघ्यावर हात फिरवत बसल्या.

तुला एक शब्द देते. दर वर्षी लातूरला जाईन. माझ्या बातम्या म्हणीन आणि मग तुझी म्हणीन. ढग, पट्टा, वर तांबडा, खाली जांभळा. मला चालवेना झालं तर कुणालातरी पाठ करवून पाठवीन. आणि कुणी विचारलं, हे आणखी कुणी बघितलं होतं, तर सांगीन की आणखी कुणीच नाही. वत्सलानं बघितलं.

तुझी,
सुलोचना
मु. पो. निलंगा, जिल्हा लातूर